मुंबई मॅरेथॉन आणि ऑफिस: मला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी डोंबिवलीत राहते, एका खाजगी कंपनीत अकाउंट्सला आहे, हाताखाली सात जणांची टीम आहे आणि आत्तापर्यंत मुंबई मॅरेथॉनची फुल, म्हणजे पूर्ण ४२ किमीवाली, चार वेळा पळाले आहे. दरवर्षी नोव्हेंबर लागला की व्हॉट्सअॅपवर, लोकलच्या डब्यात, ऑफिसच्या पँट्रीत तेच तेच प्रश्न येतात, त्यातले निम्मे पळण्याचे आणि निम्मे ऑफिसचे. मी ते इथे एकत्र केलेत, प्रश्न ज्याने जसा विचारला तसाच ठेवलाय.

१. ताई, मॅरेथॉन नक्की किती किलोमीटरची? आमच्या सोसायटीत ५ किमीची मॅरेथॉन झाली होती, ती मॅरेथॉन नाही का?

मॅरेथॉन म्हणजे ४२.१९५ किमी, जगात कुठेही गेलात तरी तेवढीच. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकला हे अंतर पळाले आणि नंतर तेच कायम झालं. २१ किमीची ती हाफ, बाकी १० किमी, ५ किमी या रेस किंवा रन. मुंबई मॅरेथॉनच्याच दिवशी छोट्या अंतराची ड्रीम रन असते, तिलाही लोक मॅरेथॉनच म्हणतात, त्यात मला काही वावगं वाटत नाही, घराबाहेर पडून पळालात हे महत्त्वाचं. फक्त ऑफिसात कोणी "मी मॅरेथॉन केली" म्हटलं तर कितीची ते एकदा विचारून घ्या, कारण पुढचे सगळे सल्ले अंतरावर ठरतात.

आणि एक गोष्ट आवर्जून सांगते, कारण आपल्याकडे फार कमी लोकांना माहीत असते. बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले १९२० साली अँटवर्प ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन पळाले आणि १९वे आले. तेव्हा ना पळताना ताकदीसाठी खायचे जेल होते ना गादीसारखे शूज.

२. मला १ किमीसुद्धा सलग पळवत नाही, मला जमेल का? किती महिने लागतील?

जमेल, पण या जानेवारीला फुल नाही. शून्यापासून सुरुवात असेल तर पहिलं वर्ष १० किमी आणि हाफसाठी द्या, दुसऱ्या वर्षी फुलचा विचार करा. सुरुवातीला २ मिनिटं पळा, १ मिनिट चाला, असं अर्धा तास, आठवड्यातून तीनदा. दम लागतो त्याचं मुख्य कारण बहुतेक वेळा एकच असतं, की तुम्ही फार जोरात पळता. शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे इतकं हळू पळा. आठवड्याचं अंतर एकदम वाढवू नका, थोडं थोडं वाढवा आणि दर तीन-चार आठवड्यांनी एक आठवडा मुद्दाम कमी करा. हृदयाचा त्रास, बीपी, शुगर असेल किंवा वय चाळीसच्या पुढे असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा, हे मी सगळ्यांना सांगते आणि निम्मे लोक ऐकत नाहीत, म्हणून इथे परत लिहिते.

३. सकाळी ७:४० ची लोकल, संध्याकाळी घरी यायला साडेआठ. वेळ आणायचा कुठून?

वेळ सापडत नाही, तो कुठूनतरी काढावा लागतो आणि ज्याच्याकडून काढतो त्याला आधी सांगावं लागतं. मी पहिल्या वर्षी कोणालाच न सांगता पहाटे साडेचारला उठायला लागले, आणि एका महिन्यात घरात सगळ्यांची चिडचिड सुरू झाली, कारण माझा वेळ बदलला की सासूबाईंचा चहा, मुलीचा डबा, नवऱ्याची अंघोळ, सगळंच हलतं. मग एका रविवारी वही घेऊन बसलो, मंगळवार, गुरुवार, रविवार माझे, त्या दिवशी डबा नवरा करणार, बाकी दिवस मी. सासूबाई म्हणाल्या, हे आधीच सांगितलं असतंस तर मी भाजी रात्रीच चिरून ठेवली असती. एवढं सोपं होतं.

ऑफिसातही तसंच. मी साहेबांना नोव्हेंबरमध्येच सांगते की गुरुवारी मी साडेनऊऐवजी दहाला येईन आणि त्या दिवशी अर्धा तास जास्त थांबेन. चार वर्षांत एकदाही नाही म्हणाले नाहीत. उशीर झाल्यावर कारण सांगितलं की तो बहाणा वाटतो, आधी सांगितलं की प्लॅन वाटतो.

४. नाव कसं नोंदवायचं आणि पहाटे तिथे पोचायचं कसं?

रेस जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते, नोंदणी त्याच्या बरेच महिने आधी सुरू होते आणि जागा पटापट भरतात. फुलसाठी आधीच्या रेसचं टायमिंग सर्टिफिकेट लागतं, म्हणून आधी कुठली तरी हाफ नीट पळून ठेवा. बिब, म्हणजे छातीवर लावायचा नंबर, रेसच्या आधीच्या दिवसांत एक्स्पोत (रेसच्या प्रदर्शनात) जाऊन स्वतः घ्यावा लागतो, तो शेवटच्या दिवशी संध्याकाळवर ठेवू नका, पायांना तासभर उभं राहण्याची शिक्षा होते. सीएसएमटीला पहाटे पोचायला रनर्ससाठी खास लोकल सोडतात, त्या वर्षीचं टाइमटेबल आदल्या दिवशी बघा. रूट मधेमधे बदलतो, मी खाली लिहिलंय ते मी पळाले त्या वर्षांचं आहे.

५. पहिल्यांदा पळणारे सगळ्यात मोठी चूक कुठली करतात?

सुरुवातीला जोरात पळतात. बाकीच्या चुका हिच्यापुढे किरकोळ.

मी केलेली तीच चूक आकड्यांसकट सांगते. मला ५ तासांत संपवायचं होतं, म्हणजे किलोमीटरला साधारण ७ मिनिटं ७ सेकंद. सीएसएमटीहून सुटलो, अंधार, गार वारा, मरीन ड्राइव्हला दिव्यांची रांग, बाजूने हजारो माणसं, पाय इतके हलके वाटत होते की घड्याळात किलोमीटरला ६:१२ दिसत होतं तरी मला वाटलं आज आपला दिवस आहे. १० किमी ६२ मिनिटांत झाले, ठरलेले होते ७१. म्हणजे ९ मिनिटं वाचवली असं मी समजत होते. सी लिंकवर फोटो काढले, हात हलवले. २७-२८ पर्यंत ठीक होतं. मग ऊन वर आलं आणि परतीला हाजी अलीपाशी डाव्या पोटरीत असा गोळा आला की मी रेलिंगला धरून उभी राहिले. तिथे एक आजी प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसल्या होत्या, मांडीवर स्टीलचा डबा, त्यात संत्र्याच्या फोडी आणि एका कोपऱ्यात कागदावर मीठ. त्यांनी काही न विचारता फोड मिठात बुडवून माझ्या तोंडासमोर धरली. माझे हात थरथरत होते हे त्यांना दिसलं असणार. पेडर रोडचा चढ मी पूर्ण चालले. ५ तास ४१ मिनिटांत संपली.

९ मिनिटं वाचवली आणि ठरल्यापेक्षा ४१ मिनिटं जास्त लागली. मी अकाउंट्सची बाई आहे, हे व्याज मला लगेच कळलं. पुढच्या वर्षी पहिला अर्धा २:३८ ला आणि दुसरा अर्धा २:३४ ला केला, एकूण ५:१२, आणि पेडर रोडवर पळत चढले. तीच मी, फिटनेसमध्ये फार फरक नव्हता, फक्त पहिले १५ किमी मन मारून हळू पळाले.

मोठे खेळाडूही हेच करतात. केल्विन किप्टमने २०२३ ला शिकागोत २:००:३५ असा विश्वविक्रम केला, त्यात त्याचा दुसरा अर्धा पहिल्यापेक्षा मिनिटभर फास्ट होता.

६. याचा ऑफिसशी काय संबंध? पळणं वेगळं आणि काम वेगळं.

मलाही आधी तसंच वाटायचं. मग आमच्याकडे जुना सगळा हिशोब नव्या सॉफ्टवेअरवर हलवायचं काम आलं, सहा महिन्यांचं. पहिल्या दिवसापासून मी टीमला पळवलं. सगळे उत्साहात होते, मीही, रात्री साडेनऊ-दहापर्यंत थांबत होतो, शनिवारी यायचो, पहिल्या दीड महिन्यात ठरल्यापेक्षा कितीतरी पुढे होतो आणि मी ते मीटिंगमध्ये अभिमानाने सांगितलंही. चौथ्या महिन्यात एकीने राजीनामा दिला, एकाला कावीळ झाली, उरलेल्यांच्या नोंदींमध्ये इतक्या चुका यायला लागल्या की आधी केलेलं काम परत तपासावं लागलं. शेवटी तारीख पाच आठवड्यांनी चुकली. ही माझी चूक होती, टीमची नाही, आणि ती मी माझ्या पहिल्या मॅरेथॉननंतर बरोबर दोन महिन्यांनी केली, म्हणजे हाजी अलीच्या रेलिंगला धरून जे शिकले होते ते खुर्चीवर बसल्यावर विसरले.

पुढच्या वर्षी दुसऱ्या ब्रँचचं तसंच काम आलं तेव्हा मी आधी कागदावर पेस, म्हणजे ठरलेला वेग, लिहिला. आठवड्याला किती खाती हलवायची, तेवढीच, जास्त नाही. पहिले दोन महिने साडेसहाला सगळ्यांना उठवून घरी पाठवलं. साहेबांनी एकदा विचारलं की तुमची टीम एवढी निवांत कशी, प्रेशर नाही का? मी त्यांना शांतपणे तक्ता दाखवला, आज आपण इथे आहोत, इथेच असायला पाहिजे, चौथ्या महिन्यात सगळ्या ब्रँचच्या शिल्लका जुळवायच्या आहेत तेव्हा मला ही माणसं ताजी पाहिजेत. ते काम तारखेच्या नऊ दिवस आधी संपलं आणि कोणी आजारी पडलं नाही.

मला यात खरंच मनापासून काहीतरी सांगायचंय. आपल्या ऑफिसांत शेवटच्या आठवड्यात रात्रभर जागून काम उरकणाऱ्याचं कौतुक होतं, सगळ्यांसमोर टाळ्या वाजतात. ज्याने सहा महिने रोज ठरलेलं काम ठरलेल्या वेळात केलं आणि म्हणूनच ज्याला शेवटी जागावं लागलं नाही, तो कोणाला दिसतच नाही. मला तो दिसायला लागला तो पळण्यामुळे. आता मी टीमचं वार्षिक मूल्यमापन लिहिते तेव्हा पहिलं नाव त्याचं असतं.

७. "५ तासांची बस" म्हणतात ती काय असते? आणि तुम्ही सारखं म्हणता मॅनेजरने पेसर व्हावं, म्हणजे काय करावं?

पेसर म्हणजे जो ठरलेल्या वेळेत, एकसारख्या वेगाने पळतो आणि ज्याच्यामागे बाकीचे पळतात. त्याच्या पाठीला झेंडा असतो, त्यावर वेळ लिहिलेली. त्याच्याभोवतीच्या घोळक्याला रनर लोक बस म्हणतात.

दुसऱ्या वर्षी मी ५:१५ च्या बसमध्ये होते. आमचा पेसर पन्नाशीतला माणूस, स्वतः सव्वाचार तासांत पळू शकणारा, म्हणजे आमच्यासाठी तो जवळजवळ एक तास हळू पळत होता. त्याचं पहिल्या १० किमीचं सगळं बोलणं एवढंच होतं, "हळू, आत्ता नाही." पाण्याचं टेबल यायच्या आधी ओरडायचा, "डावीकडे पाणी, ३० पावलं चालायचं, मोजा." पेडर रोडला चढ सुरू झाल्यावर तो उलटा वळून मागे मागे पळत आमची डोकी मोजत होता, आणि दोघं कमी दिसली तेव्हा त्याने पेस मोडला नाही, पण त्या दोघांची नावं घेऊन इतक्या जोरात हाका मारल्या की ती पुढच्या वळणावर परत येऊन मिळाली.

मॅनेजरने यातल्या चार गोष्टी कराव्यात असं मला वाटतं. आपण किती फास्ट आहोत ते दाखवत बसू नये. काय येणार आहे ते आधी ओरडून सांगावं, म्हणजे ऑडिट कधी, रिटर्न कधी, साहेबांचा दौरा कधी. मधली छोटी विश्रांती प्लॅनमध्येच ठेवावी, कोणी मागण्याची वाट बघू नये. आणि मागे वळून डोकी मोजावीत. बाकी मॅनेजमेंटचं ट्रेनिंग मी दोनदा केलं, पण माझ्या रोजच्या कामात हेच उपयोगी पडलं.

८. ३२ किमीला "वॉल" येते म्हणतात ते खरं आहे की मनाचे खेळ?

खरं आहे. स्नायूंत आणि लिव्हरमध्ये साठवलेलं ग्लायकोजेन साधारण ३०-३५ किमीच्या आसपास संपत येतं, मग शरीर चरबीवर जास्त अवलंबून राहतं आणि चरबीतून ऊर्जा तितक्या पटकन मिळत नाही, म्हणून पाय शिशासारखे होतात. मनाची ताकद कमी पडली असं नसतं, इंधन संपलेलं असतं. म्हणून सुरुवात हळू करायची (प्रश्न ५) आणि भूक लागायच्या आधीपासून दर ३०-४० मिनिटांनी काहीतरी खात राहायचं. मी जेल घेते, कधी खजूर आणि राजगिऱ्याची चिक्की. रेसच्या दिवशी कुठलीही नवीन गोष्ट खायची नाही, नवीन शूज, नवीन मोजेसुद्धा नाहीत, जे लाँग रनला, म्हणजे सरावातल्या लांब पळण्याला, वापरलं तेच.

ऑफिसात कोणाचं काम अचानक ढासळलं तर मी आता आधी हे बघते, की याला मधे काही मिळालंय का? सुट्टी, कौतुक, मदतीला एखादा माणूस. बहुतेक वेळा आपण त्याला "मोटिव्हेट" करायला जातो आणि त्याचं इंधन केव्हाच संपलेलं असतं.

९. पाणी जितकं जास्त तितकं चांगलं ना?

नाही, आणि हे जरा गांभीर्याने घ्या. चार-पाच तास नुसतं साधं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम पातळ होतं, मळमळ, डोकेदुखी, गोंधळल्यासारखं होतं आणि ते जिवावर बेतू शकतं. हळू पळणाऱ्यांना हा धोका जास्त, कारण ते जास्त वेळ रस्त्यावर असतात आणि प्रत्येक टेबलवर थांबतात. तहान लागेल तसं घोट घोट प्या, मधे इलेक्ट्रॉल किंवा मीठ असलेलं काहीतरी घ्या. मुंबईत जानेवारीतसुद्धा दमटपणा असतो, घाम खूप जातो. पाठीवर, काखेत, मांड्यांना व्हॅसलीन लावून निघा, त्याचं महत्त्व रात्री अंघोळ करताना कळतं.

१०. मैत्रिणीबरोबर पळताना ती मागे पडली तर थांबायचं का? आणि टीममधला कोणी मागे पडला तर?

हे सुटायच्या आधीच बोलून ठेवा. मी आणि माझी मैत्रीण एकमेकींना सांगून ठेवतो की २१ पर्यंत बरोबर, नंतर जिची तिची रेस, वाईट वाटून घ्यायचं नाही. न बोलता सोडून गेलात तर मैत्रीत खडा पडतो, आणि न बोलता थांबलात तर दोघींची रेस जाते आणि मागची बिचारी अपराधी वाटून घेते. कोणी चक्कर येऊन बसलं, बरळायला लागलं तर मात्र ओळखीचं असो नसो, थांबायचं, व्हॉलंटियरला बोलवायचं, टायमिंग गेलं खड्ड्यात.

टीममध्ये मात्र "जिची तिची रेस" हे मी मानत नाही. तिथे सगळ्यांचं काम एकमेकांत अडकलेलं असतं, बँकेच्या नोंदी करणारा मागे पडला की माझं क्लोजिंग होत नाही. तिथे प्रश्न ७ मधला पेसर व्हायचं. आणि एकच माणूस दर महिन्याला मागे पडत असेल तर तो आळशी आहे असं ठरवण्याआधी त्याच्याकडे किती फायली आहेत ते मोजा, आमच्याकडे मोजल्या तेव्हा त्याच्याकडे इतरांच्या दुप्पट निघाल्या, कारण तो कधीच नाही म्हणत नव्हता.

११. रेसच्या आधी दोन-तीन आठवडे कमी पळायचं म्हणतात, मग फिटनेस जाणार नाही का?

जात नाही. याला टेपर म्हणतात. शेवटचा मोठा लाँग रन, ३० ते ३२ किमी, रेसच्या साधारण तीन आठवडे आधी, मग अंतर कमी कमी करत आणायचं. या दिवसांत पाय उगाच दुखतात, चिडचिड होते, एखादा २५ किमीचा रन करून यावासा वाटतो. करू नका.

मी आता मार्च एंडच्या आधीच्या आठवड्यात टीमला प्रत्येकी एक दिवस आळीपाळीने सुट्टी देते. पहिल्या वर्षी सगळे माझ्याकडे बघत राहिले. आता फेब्रुवारीतच विचारतात, मॅडम, माझा टेपर कधी?

१२. मधेच सोडून दिली तर ते अपयश नाही का? लोक काय म्हणतील?

एल्युद किपचोगे, दोन वेळचा ऑलिंपिक विजेता, २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ३० किमीच्या आसपास थांबला. कारकिर्दीत पहिल्यांदाच त्याने मॅरेथॉन अर्धवट सोडली. त्याने मिळवलेलं त्यामुळे काही कमी झालं नाही.

नियम माझा असा आहे, की थकवा आला तर चालायचं, पण एकाच जागी टोचणारं दुखणं, छातीत दुखणं, चक्कर, घाम अचानक बंद होणं, यातलं काहीही असेल तर थांबायचं, किती किमी उरलेत ते बघायचं नाही. आदल्या रात्री ताप असेल तर सुटायचंच नाही. तिसऱ्या वर्षी मी स्वतः घरी बसले होते, बिब टेबलावर, १००.५ ताप, आणि खाली रस्त्यावरून पहाटे साडेतीनला आमच्या ग्रुपच्या रिक्षा निघाल्याचा आवाज आला. रडले. पण फेब्रुवारीत धडधाकट होते आणि त्याच्या पुढच्या जानेवारीत पळाले.

१३. आमचे साहेब म्हणतात "करिअर ही मॅरेथॉन आहे" आणि रोज रात्री ११ पर्यंत बसवतात. काय उत्तर द्यायचं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा आलाय, आणि इथे मॅरेथॉनची उपमा चालत नाही हे मला स्पष्ट लिहायचंय. मॅरेथॉनला ४२.१९५ वर रेषा असते, तिथे पोचल्यावर कोणी "आता अजून १० किमी" म्हणत नाही. ती मी स्वतःच्या मर्जीने, स्वतःचे पैसे भरून पळते. आणि तिच्या आधी चार महिने सराव आणि नंतर आठवडाभर आराम असतो. ज्या कामाला संपायची रेषा नाही, आधी तयारी नाही आणि नंतर आराम नाही, त्याला मॅरेथॉन म्हणू नये.

उत्तर काय द्यायचं? भांडू नका, तारीख विचारा. "सर, हे किती दिवस चालेल आणि संपल्यावर भरपाईची सुट्टी कधी?" असं मेलवर, नम्रपणे. तारीख मिळाली तर माणूस पुष्कळ सहन करू शकतो, मी केलंय. दोन-तीनदा विचारूनही तारीख मिळत नसेल तर दुसरीकडे अर्ज टाकायला सुरुवात करा, आणि ते मधेच सोडणं आहे असं मनात आणू नका (प्रश्न १२).

१४. कंपनीने सगळ्यांना ड्रीम रनला यायलाच सांगितलंय. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, कसं सांगू?

सरळ एचआरला लेखी कळवा, डॉक्टरांचं पत्र जोडा. बरोबरीने असंही विचारा की मला व्हॉलंटियर म्हणून पाणी द्यायला उभं राहता येईल का. टीम लीड लोकांना माझी विनंती, पळण्याची सक्ती करू नका. मला पळणं इतकं आवडतं म्हणूनच सांगते, कोणाला ढकलत आणलं की तो परत कधी पळत नाही.

१५. माझ्याबरोबर सुरू केलेला सहकारी ४ तासांत पळतो, मी साडेपाच. मन खट्टू होतं.

बिबवरच्या चिपमुळे तुमची वेळ तुम्ही स्टार्टची रेषा ओलांडल्यापासून मोजली जाते, बंदूक वाजल्यापासून नाही. मागच्या गर्दीत अडकून दहा मिनिटं उशिरा सुटलात तरी ती तुमच्या हिशोबात धरत नाहीत. नोकरीत मात्र अशी चिप नसते. कोणी वडिलांच्या आजारपणातून सुटून आलेला असतो, कोणी बाळंतपणानंतर दोन वर्षांनी परत आलेली असते, आणि वयाच्या हिशोबाने सगळ्यांना एकाच बंदुकीवर मोजतात. मला हे अन्यायाचं वाटतं आणि माणसं घेताना मी तरी गॅपचं कारण विचारते आणि ते ऐकून घेते. तुमच्यापुरतं सांगायचं तर स्वतःच्या मागच्या वर्षीच्या वेळेशी तुलना करा, साडेपाच तास रस्त्यावर पाय चालवणं ही चारपेक्षा सोपी गोष्ट नाही.

१६. रेसच्या दिवशीच पाळी आली तर?

बऱ्याच जणी पळतात, मीही एकदा पळाले. जे वापरता ते आधीच्या लाँग रनला वापरून बघितलेलं पाहिजे, जास्तीचं कमरेच्या पाऊचमध्ये. गोळ्या घेऊन तारीख पुढे ढकलायची असेल तर डॉक्टरांशी दोन-तीन महिने आधी बोला, मैत्रिणीच्या सांगण्यावरून नको. आणि पळताना पेनकिलर टाळा, किडनीवर ताण येतो. खूप त्रास होत असेल तर उत्तर प्रश्न १२ मध्ये आहे.

१७. कामात बरं चाललंय, पण लाइन बदलावीशी वाटते. इतकी वर्षं घातल्यावर बदलावं का?

मी ललिता बाबरचं उदाहरण देते. साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या मोही गावची मुलगी, दुष्काळी भाग. मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत ती पुन्हा पुन्हा पहिली येत होती, तेव्हा तिने ३००० मीटर स्टीपलचेस धरली, जिथे अडथळे आणि पाण्याचा खड्डा असतो, म्हणजे पुष्कळ गोष्टी नव्याने शिकायच्या. २०१४ च्या एशियन गेम्सला ब्राँझ, आणि २०१६ ला रिओ ऑलिंपिकची फायनल, तिथे १०वी. पी. टी. उषा १९८४ ला फायनलला होती, त्यानंतर ३२ वर्षांनी ट्रॅकवरच्या वैयक्तिक फायनलला पोचलेली पहिली भारतीय महिला ती. लांब अंतराने कमावलेला दम तिला तिकडेही उपयोगी पडलाच असणार. तुमचीही जुनी वर्षं वाया जात नाहीत, पण बदलताना नव्या जागी वर्ष-दोन वर्षं सरावाची धरून चाला आणि घरचा हप्ता कोण भरणार ते आधी ठरवा.

१८. रेस झाल्यावर आठवडाभर रिकामं रिकामं वाटतं, रडू येतं. हे नॉर्मल आहे का?

हो. चार-पाच महिने रोज ज्याचा विचार केला ते एका सकाळी संपतं. दोन आठवडे पळू नका, झोपा, हिंडा, मुलांना वेळ द्या, पुढच्या रेसचा फॉर्म लगेच भरू नका. मोठं काम संपल्यावर टीमचंही असंच होतं, म्हणून मी दुसऱ्या दिवशी नवीन काम वाटत नाही. एक दिवस फायली लावायला, टेबल आवरायला ठेवते. दोन आठवड्यांपेक्षा जास्त दिवस मन उठलेलंच राहिलं तर डॉक्टरांशी बोला.

१९. बायको पहिल्यांदा फुल पळतेय. मी आणि आई फिनिशला फुलं घेऊन उभे राहू का?

फुलं घरी ठेवा. फिनिशला गर्दीत ती तुम्हाला दिसणार नाही आणि तेव्हा तिला कोणाची फारशी गरजही नसेल, मेडल गळ्यात असेल. परतीच्या वाटेवर हाजी अली ते पेडर रोडच्या चढाआधी उभे राहा, ३३-३४ किमीच्या आसपास. रस्ते बंद असतात, त्यामुळे ट्रेनने महालक्ष्मीला उतरून चालत या. ती कुठल्या वेळेला तिथे पोचेल ते आदल्या दिवशी तिच्या पेसवरून काढून ठेवा आणि अर्धा तास आधी जा. कुठल्या कपड्यांत उभे आहात ते तिला सांगून ठेवा, त्या वेळी डोळ्यांना फार काही दिसत नाही. "आता थोडंच राहिलं" म्हणू नका, थोडं राहिलेलं नसतं. नाव घ्या, दहा पावलं बरोबर चाला. आईंना स्टूल न्या, तास-दीड तास उभं राहावं लागतं. संत्री घरूनच सोलून, बिया काढून डब्यात आणा, आणि मीठ पुडीत बांधून ठेवू नका, उघड्या झाकणात ठेवा, घामाच्या हातांनी पुडी सुटत नाही.